वाटणीत राहिलेलं वायफाय

मंगळवार, दिवेलागणीनंतर

नवा रिसीव्हर बसवून आठवडा झाला. हॉल, स्वैपाकघर आन माझ्या वडलांची, अप्पांची खोली, तिन्हीकडं स्पीकर. सगळं माझ्याच फोनवरून चालतंय, असं मी समजून होतो. पण रोज दिवा लावायच्या टायमाला अप्पांच्या खोलीत देवाचं एक कन्नड वचन आपोआप सुरू व्हायलंय. एकदम हळू आवाजात. मी लावत न्हाई, बायको लावत न्हाई. अप्पा तर अंथरुणातच.

काल फोनात नीट बघितलं, तर वैनीचा फोन जोडलेला! घराची वाटणी झाली, मधी भिंत आली, थोरला भाऊ अण्णा आन वैनीशी बोलणं तुटलं. भांडीसुद्धा वाटली, वायफाय तेवढं वाटायचं राहिलं. जुना पासवर्ड तिच्या फोनात तसाच. हेच वचन ती आधी दिव्यापुढं म्हणायची. पण आता कामून? अप्पांना तिकडं ओढायलेत काय? अप्पांच्या नावावर उरलेल्या जागेवर डोळा असंल. आन आवाज इतका हळू कामून? मला ऐकू येऊ नये म्हणूनच की!

आज दुपारी पासवर्डच बदलून टाकला. दिवे लागले तरी खोली गप्प. जिंकल्यासारखं वाटलं. अप्पांना चहा द्यायला गेलो, तर ते स्पीकरकडंच बघत पडलेले.

"मोठ्या आवाजानं माझं डोकं दुखतंय म्हणून हळूच लावती बिचारी," म्हणाले. "आज थोरलीला बरं न्हाई काय रे?"