कमळीच्या हातचं पाणी

४ मार्च १९८५

लिही गं. तोंड वाकडं केलंस तेही लिही! शांतीला मॅडमनी सांगितलंय: समोरचं माणूस बोलेल तसंच उतरवायचं, पदरचं घालायचं नाही. मनाच्या आजाराचं शिकते ना, त्याचा सराव. म्हणून आजीनं बोलायचं, नातीनं लिहायचं. मला अक्षर येत नाही, पण तोंड कुठं थांबतंय! तरी मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. हात आपोआप वळतो म्हणे.

११ मार्च

खाडीच्या पुलापलीकडे मुंबईच्या इस्पितळात हिच्यासोबत सात-आठ मुली शिकतात. आपल्या समाजातली ही एकटी. बाकीच्यांच्या मावश्या-आत्या डॉक्टर. हिची आजी — मी! मॅडम वाईट नाहीत. स्वतःची पुस्तकं देतात, बोलणं सुधारून देतात. मायेनंच म्हणाल्या, "लोकांकडे गेलीस की नुसतं शांती सांग. आडनाव कशाला?"

हिनं ऐकलं. मॅडमचा शेरा चांगला पडला तर तिथंच नोकरी. मी म्हटलं, मग आडनाव ठेव माझ्या ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून.

९ एप्रिल

आज ही बोनकोड्याला गेली, इस्पितळानं नेमून दिलेल्या पेशंटकडे, कमळीकडे. लेकरू गेल्यापासून कमळी बोलत नाही. सासू केशरबाई, बीडकडची, आपल्यातलीच. म्हणाली, "सातवी शिकलेली सून आणली, बाई. आता मुकी बसलीय." एवढ्यात कमळी आपणहून उठली. पेला घासला. पाणी भरून आणलं. कितीक महिन्यांत पहिल्यांदा हात हलला तिचा!

आणि आमच्या शांतीबाई म्हणाल्या, "नको. आम्हाला चालत नाही."

नियम आहे म्हणे — पेशंटच्या घरचं काही घ्यायचं नाही. असेल. पण हे वाक्य मी सगळा जन्म उंबऱ्याबाहेर उभी राहून ऐकलंय. त्यांना काय ठाऊक नियम? हिला आडनाव नाही, बोलणं साजूक. कमळीनं पेला खाली ठेवला. भिंतीकडे तोंड केलं.

आता लिहिताना रडतेस कशाला? शाई पसरतेय. पुढं लिही.

१० एप्रिल

ही जेवली नाही. म्हणून मीही नाही. बोंबील मांजरानं खाल्ले, त्याला दुःख नव्हतं.

१६ एप्रिल

ही परत गेली. केशरबाईनं दार अर्धंच उघडलं. "तुमच्यासारख्यांना आमच्या घरी कशाला त्रास?" शांती म्हणाली, "जयभीम, मावशी. मी शिरवण्याच्या चांगुणाबाई कांबळेची नात." आणि पाणी मागितलं. दोन पेले प्यायली. कमळी बोलली नाही. पण जवळ येऊन बसली, हिच्या पदराचं टोक धरून.

२ मे

हिनं अहवालात सगळं खरं लिहिलं. वेडी! मॅडम रागावल्या नाहीत, त्यांना वाईट वाटलं. "तू त्यांच्यातलीच होऊन बसलीस, शांती. अंतर राखता येत नाही तुला. हे काम तुझं नाही." शेराही तसाच.

मागं एका मुलीनं पेशंटकडे चहा-चकली खाल्ली होती. हिनं तेवढंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, ते ओळखीचं घर होतं."

अंतर म्हणे! ते बाकीच्यांनी राखलं. आम्ही नुसते उभे राहिलो.

२० मे

शांतीला कंपनीत टायपिंगचं काम मिळालं. मॅडमची पुस्तकं परत केली. कमळीकडे नंतर कुणीच गेलं नाही. मॅडमची नक्कल करून दाखवली मी, चष्म्यासकट. हसली नाही. लिहिताना मान वर करत नाही आताशा.

८ जून

"आजी, हे शेवटचं. पुरे आता." बरं. मग एवढं लिही, पदरचं काही न घालता — पाणी प्यायलीस, ते चुकलं नाही.

आता टाक मिटून.

२५ जून

शांती कामावर हाय. दुपारी दारात कमळी! एकटीच, पत्ता विचारत आली. पाणी दिलं. प्याली. शब्द नाही. फळीवरची ही वही काढून वाचत बसली, मघापासून. मी म्हटलं, लिहिणारी उठून गेली गं. तर पेन उघडून बसलीय माझ्यापुढं. बोला म्हणते डोळ्यांनी.

मी काय बोलू? तूच लिही. मला वाचता येत नाही, माझी भीती नको. लेकराचं नाव लिही.

गौतमी.