टाळ्यांनी लाल झालेले तळहात

हॅलिफॅक्स, गुरुवार, संध्याकाळ

मराठी मंडळातल्या माझ्या माणसांनो, 'कॅनेडियन एक्सपीरियन्स', म्हणजे इथल्या नोकरीचा अनुभव, नाही म्हणून तुमच्या-माझ्या डिग्र्या इथे धूळ खात पडल्या. रविवारचं भाषण असंच सुरू करणार होते. आता भीती वाटते. माझीच.

शेजारच्या हेल्गाने तिच्या वडिलांच्या आठवणींचं पुस्तक वाचायला दिलं. ते महायुद्धात जर्मन सैनिक होते. लढाईची पानं मी धीराने वाचली. मी घाबरले ती त्यांच्या गावातल्या नाझी सभेच्या पानावर. वक्ता काय बोलला ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. टाळ्या वाजवून तळहात लाल झाले होते, तेवढंच आठवलं. दुसऱ्या दिवशी ते सैन्यात भरती झाले.

लाल तळहात! डोळ्यांपुढून जात नाहीत.

तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. "ताई, मागच्यासारखं हॉल पेटवा! काय टाळ्या पडल्या होत्या!"

"मी काय बोलले होते हो?"

"ते कुठलं आठवायला? पण गोऱ्यांचा काय उद्धार केलात, वा!"

गोऱ्यांचा? म्हणजे हेल्गाचाही?

माझ्या माणसांनो, रविवारी मी 'हे गोरे' म्हटलं की टाळी वाजवू नका. उभे राहा आणि मला विचारा, "ताई, कोण? नाव सांगा."