गाडी आता आवाज करत नाही

४ जुलै

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी मोठ्या वहिनीला तुम्ही चिरंजीवच, तेव्हा निमूटपणे आशीर्वाद घ्या.

फोन करण्यात अर्थ नाही. आयुष्यभर गॅरेजमध्ये ठोकाठोक करून कान घालवून बसलात, मग ओरडून घसा मी का बसवून घेऊ? म्हणून पत्र.

बातमी अशी की गाडी घेतली. कोणाची तरी वापरलेलीच, पण रंग शाबूत आहे. लेकीला, म्हणजे तुमच्या लाडक्या भिंगरीला, डोंगराखालच्या धरणावर नोकरी लागली. रोज तोच उतार. तुमचे दादा जिथे गाडीसकट गेले, तोच. मी नको नको म्हटलं, पण पोर बापावर गेली आहे. निदान गाडी ठणठणीत असावी, एवढंच माझं मागणं. एकदा नवरा गेला, आता पोर जायला नको.

आणि आल्या आल्या रुसली बघा. सकाळी चावी फिरवली की खर्र खर्र करते, पेटत नाही, आणि पेट्रोलचा वास सुटतो. काय करू ते मला कळेल अशा भाषेत लिहा.

माया कमी होऊ देऊ नका.
तुमची वहिनी

९ जुलै

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि. आशीर्वाद मिळाले, टोमणेही मिळाले.

वास येतो म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. कार्बोरेटर तुंबला की असंच होतं. स्टिअरिंगखाली चोकचं काळं बटण असेल, ते आत ढकला. मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप मारत बसू नका, आणि चावी फिरवा. पेटेल.

भिंगरीला सांगा, आठवड्यातून एकदा सकाळी, इंजिन गार असताना, ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून बघायची. टायरची हवा बघायची. आणि उतार लागण्याआधी थांबून ब्रेक दाबून बघायचा, पायाखाली घट्ट लागला पाहिजे. खाली उतरून चाकांनाही हात लावायचा, कुठलं जास्त तापलंय का ते बघायला. बापाकडून मात्र एकच गोष्ट घे म्हणावं. दादा निर्मनुष्य रस्त्यावरसुद्धा वळताना सिग्नल द्यायचा. मी हसलो की म्हणायचा, रस्ता रिकामा आहे हे तुला कोणी सांगितलं?

आहे तशी ओढ राहू द्यावी.
तुमचा दीर

१६ जुलै

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. तुम्ही सांगितलंत तसं केलं आणि गाडी पहिल्या झटक्यात पेटली. भिंगरीने टाळ्या वाजवल्या.

पण एक विचित्रच झालं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला कौतुकाने सांगायला गेले, तर तो पोट धरून हसला. त्याने बॉनेट उघडून दाखवलं. म्हणाला, या गाडीत कार्बोरेटर नाहीच, आणि चोक तर नाहीच नाही. मी स्टिअरिंगखाली वाकून पाहिलं. सपाट प्लॅस्टिक. भाऊजी, मी माझ्या अंगठ्याने ते बटण ढकललं होतं. गार होतं, कडेला थोडं तुटलेलं. मी वेडी नाही.

आता नवीन दुखणी. दौड झाली की गोडसर वास येतो. आणि वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज, उजवीकडे वळताना जास्त. मिस्त्रीने खालूनवरून पाहिलं, त्याला काही सापडलं नाही. मी संध्याकाळी उगाच गाडीत जाऊन बसते. डावीकडेच बसते, सवयीने. भिंगरी चिडवते.

आठवण ठेवा.
तुमची वहिनी

२१ जुलै

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचल्यापासून जेवण जात नाहीये.

गोड वास म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, गळतंय. घूं आवाज, उजवीकडे वळताना जास्त, म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग. हे मला विचार न करता सांगता येतं, कारण ही दुखणी मी पाहिली आहेत. दादाच्या गाडीत. आधी पेट्रोल, मग गोड वास, मग घूं, याच क्रमाने. चोकचं बटणही कडेला तुटलेलं होतं, माझ्याच पान्याने.

शेवटी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण त्याआधीचं कधी सांगितलं नाही. मी बेअरिंग मागवलं होतं, ते यायच्या आतच एका सकाळी सगळे आवाज आपोआप बंद झाले. गाडी लोण्यासारखी पळायला लागली. दादा लहान मुलासारखा दारोदार दाखवत फिरला, चल बस म्हणून प्रत्येकाच्या मागे लागला. डावी सीट रिकामी ठेवून जाणं त्याला कधी आवडलंच नाही. शेवटी एकटाच गेला.

वहिनी, आवाज होतोय तोवर मला भीती नाही. आवाज थांबले तर पोरीला गाडीत बसू देऊ नका. हात जोडतो.

तुमचा दीर

२२ जुलै

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण आनंदच तसा आहे. गाडी बरी झाली! आज सकाळपासून ना वास, ना घूं. कोणी हातही लावला नाही. भिंगरी म्हणते, काकाला दाखवून येते. उद्या निघेल. हे पत्र तिच्याच हाती देते, टपालापेक्षा लवकर पोहोचेल.

तिला दोन दिवस ठेवून घ्या, लाड करा.
तुमची वहिनी

२३ जुलै

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि. पोर माझ्या घरी आहे, सुखरूप आहे. तिने तुम्हाला फोन केला, पण सगळं ऐकून तुम्ही नुसतं बरं म्हणालात आणि फोन ठेवलात. म्हणून हे पत्र शेजाऱ्याच्या हाती पाठवतोय. तो उद्या सकाळी तुमच्याकडे पोहोचेल.

माझ्याकडे येतानाही तोच उतार लागतो, त्याच्या तोंडाशी ती थांबली. मी लिहिलं होतं तसा ब्रेक दाबून पाहिला, घट्ट होता. इंजिन बंद केलं, हॅन्डब्रेक ओढला, चावी खिशात घातली आणि चाकांना हात लावायला उतरली. इतकं चालून आलेली गाडी, पण चारही चाकं विहिरीच्या पाण्यासारखी गार. ती मागे सरकली आणि इंजिन आपोआप सुरू झालं. गाडी तिच्यासमोरून शांतपणे उतारावर गेली. वळणावर गाडीने सिग्नल दिला, वहिनी. नीट वळली आणि दिसेनाशी झाली. पोर एका टेम्पोत बसून आली. माणसं दरीत शोधून आली, काचेचा तुकडाही सापडला नाही.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. मला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही, पण हॉर्न ऐकू आला. दोन छोटे, दादा वाजवायचा तसे. भिंगरी शेजारीच होती, तिला काही ऐकू आलं नाही. मी फाटकाशी गेलो नाही. थोड्या वेळाने तुमच्या दिशेने तो आवाज विरत गेला.

दाराशी गाडी आली तर बाहेर जाऊ नका. पोरीला आईची गरज आहे, आणि मलाही तुमच्याशिवाय रागावणारं कोणी उरलेलं नाही.

तुमचा दीर

२४ जुलै

चि. भाऊजींस,
अ. उ. आ. तुमचे शेजारी आले, पत्र मिळालं. त्यांना पाणी देऊन थांबवलंय, हे उत्तर त्यांच्याच हाती देते.

गाडी आली आहे. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांना दारात काही दिसत नाही. मला दिसते. इंजिन चालू आहे आणि जरासाही आवाज नाही. तुमचं गॅरेज जन्मभर खपलं असतं तरी इतकी सुरेख चालली नसती. डावीकडचं दार उघडं आहे.

भाऊजी, त्या दिवशी ते मलाही चल म्हणाले होते. धुणं अर्धं पडलं होतं, म्हणून मी नंतर म्हटलं. तेव्हापासून रोज धुताना तेच आठवतं.

उगाच घाबरू नका. मी फक्त ऑइलची पट्टी बघून येते. भिंगरीला सांभाळा, तिच्यावर माझ्या वाटणीचाही जीव लावा. आज सगळं धुणं वाळत घालून झालंय.

तुमची वहिनी