तिच्या आवाजाचा इन्स्टॉलर

सोमवार, ३ मार्च

प्रोग्रामच्या चिन्हाविषयी, म्हणजे आयकॉनविषयी, एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. मी केलेल्या प्रोग्रामसाठी मी स्वहस्ते एक पोपट काढला होता. चोच, डोळा, शेपूट — सगळं यथासांग. प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर बसवता यावा म्हणून त्याचं पॅकेज केलं आणि पडद्यावर पोपटाच्या जागी एक करडा चौकोन येऊन बसला. पॅकेजमध्ये काय काय घालायचं ते सांगणाऱ्या मांडणीच्या फाइलीत चित्राचा पत्ता दिला, आकार बदलला, प्रकार बदलला. चौकोन ढिम्म. इतकी आराधना केल्यावर दगडालाही दया आली असती.

बायको मागे उभी राहून बघत होती. "राहू दे. तुमच्यापेक्षा गुणी दिसतोय." एवढं बोलताना ती दोनदा थांबली. आवाज आणखी बसलाय.

पुढच्या मंगळवारी तिचं स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर तिने लॅपटॉपवर बटण दाबायचं आणि तिच्याच आवाजातलं वाक्य ऐकू यायचं, असा हा प्रोग्राम. घसा बरा होता तेव्हाच आम्ही वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. आता ती तिच्या मशीनवर पोचवणं तेवढं बाकी आहे. म्हणजे सगळंच.

मंगळवार, ४ मार्च

नोकरीत मी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहितो. पाण्यात न उतरता पोहण्यावर व्याख्यान देण्यापैकी प्रकार. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या अवघडरावांना शरण गेलो. नाव मी ठेवलेलं. कारण त्यांचं प्रत्येक उत्तर "अवघड आहे"ने सुरू होतं.

"अवघड आहे. एका क्लिकमध्ये बसवायचंय, की कुठे बसवू ते विचारायला हवं?"

"बायकोसाठी आहे. काही विचारू नये."

"मग एक क्लिक. बायकोला प्रश्न विचारून जिवावर बेतवून घेऊ नका."

मग कशासाठी आहे ते सांगितलं. ते बराच वेळ स्टेपलरची उघडझाप करत बसले. नंतर खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून घेतली.

गुरुवार, ६ मार्च

तिच्या लॅपटॉपवर बसवायला घेतलं. इशारा आला: प्रकाशक अनोळखी आहे, तरीही चालवायचं का? अवघडराव म्हणाले होते, पॅकेजवर अधिकृत सही हवी आणि ती मिळायला काही आठवडे लागतात. आठवडे कुठून आणू?

बायकोने तो इशारा पुन्हा पुन्हा वाचला. "अहो, पहिल्यांदाच कुणीतरी खरं सांगितलं तुमच्याबद्दल." आणि 'तरीही चालवा' दाबलं. "लग्नातही हेच केलं होतं मी."

प्रोग्राम उघडला. तिने 'चहा टाका' दाबलं. शांतता. 'खिडकी लावा'. शांतता. मग अख्खी ओळ दाबून पाहिली.

"हुबेहूब जमलंय," ती म्हणाली. "मंगळवारनंतरची मीच."

मी हसलो. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

शुक्रवार, ७ मार्च

कारण सापडलं. मांडणीत ज्या फोल्डरांची नावं दिली तेवढेच पॅकेजमध्ये जातात. आवाजाच्या फोल्डरचं नाव मी दिलंच नव्हतं. माझ्या मशीनवर प्रोग्राम माझ्याच डिस्कवरून आवाज उचलत होता, म्हणून इथे सगळं वाजायचं आणि मी मिरवत होतो.

पाठशाळेत संस्कृत शब्द चालवताना एक रूप गळलं तरी गुरुजींची छडी टेबलावर वाजायची. इथे माणसाचा आवाज गळला, आणि यंत्राने हिरव्या अक्षरांत कळवलं — बिल्ड यशस्वी.

रविवार, ९ मार्च

फोल्डर घातला. तरी मुकं ते मुकंच. अवघडरावांना फोन केला.

"सगळं दाबून एका फाइलीत बंद होतंय हो. आवाज आतून वाजणार नाहीत. त्यांना बाहेर ठेवायचा पर्याय आहे."

"अवघड आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "एकच ओळ आहे."

ओळ लिहिली. दुपारी तिने बटण दाबलं आणि खोलीत तिचा जुना आवाज आला: "अहो, चष्मा तुमच्या डोक्यावरच आहे." मोकळा, शेवटी हसू दाबलेला. माझा हात खरोखरच डोक्याकडे गेला.

ती ऐकत राहिली. मग आजच्या आवाजात म्हणाली, "किती छान बोलायचे हो मी."

मी उगाचच आवाज कमीजास्त करत बसलो.

सोमवार, १० मार्च

उद्या सकाळी निघायचं. मांडणीत एकच पर्याय उरला होता: प्रोग्राम काढून टाकला, तर सोबतचे आवाजही पुसायचे का?

'नाही' लिहिलं. आणि हात तिथेच थांबला. ती कशाला काढून टाकेल? तिला तो रोज लागणार. मग हे आवाज मी कुणासाठी राखून ठेवतोय?

शनिवारी डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मला म्हणाले, "गाठ किती आत गेलीय ते उघडल्यावरच कळेल. मनाची तयारी ठेवा." बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, गाडी कुठे लावायची ते.

तिच्या आवाजाची मला काळजी नाही. ती घरी परत येणार नाही, अशी भीती वाटते.