पाटीवरचं गाव

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता २०१७ चालू आहे, आणि मी आज तुमच्यावर चिडलो आहे. इथे पापाकुराला आमच्या शेजारी एक गोरे आजोबा राहतात. त्यांचं आडनाव इंग्लंडातसुद्धा फारसं सापडत नाही. एका खोऱ्यातल्या एका वस्तीवरून ते पडलं, तिथले तीन भाऊ बोटीनं इकडे आले, आणि न्यूझीलंडात त्या आडनावाचं जे कोणी भेटेल ते त्यांच्या नात्यातलंच. नकाशावर टाचण्या टोचून त्यांनी हे सगळं माझ्या लेकीला दाखवलं. तिला शाळेसाठी असाच तक्ता करायचा आहे. घरी येऊन म्हणाली, "बाबा, व्हेअर डू आय पुट अवर्स?"

काय सांगू तिला? आपलं आडनाव ज्या गावाचं, तिथे आपण कधी घोटभर पाणीही प्यायलेलो नाही. जुन्या आडनावावरून जात कळायची. हजेरीत ते पुकारलं की माझ्या बाकावरचा मुलगा डबा उचलून पलीकडे जायचा. मी हे घरी सांगितलं आणि तुम्ही थेट राजपत्रात नाव बदलून आणलंत. मास्तरांनी हजेरीपटावर तांबडी रेघ मारली. स्वयंपाकघरात मला समोर उभं करून तुम्ही दरडावलंत, "जुनं नाव परत तोंडातून काढायचं नाही." का नाही काढायचं? डबा उचलणाऱ्याला कोणी दरडावलं नाही. तुमच्या वडिलांनी ज्या नावानं जन्म काढला, ते आपण चोरीच्या मालासारखं लपवलं.

गेल्या वर्षी बॉटनी डाउन्सला एकांकडे गणपतीच्या आरतीला गेलो होतो. तिथल्या एक काकू आडनाव ऐकून हरखल्या. "अय्या, माझ्या माहेरच्या गावचे की तुम्ही! कुलदैवत कोणतं तुमचं?" मी म्हणालो, "गाडीचा लाइट चालू राहिलाय वाटतं." चाळिशी उलटलेला इंजिनिअर, हातात प्रसाद घेऊन ड्राइव्हवेवर उभा. तेव्हाही मी तुम्हालाच बोल लावला.

लेक अजून टाचणी घेऊन बसली आहे. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. आडनाव बदलायचा अर्ज भरण्याआधी एसटी स्टँडवर तुम्ही मला फलाटांच्या पाट्यांसमोर उभं केलंत आणि विचारलंत, "कुठलं बरं वाटतं?" अकरा वर्षांचा मी. एकेक पाटी मोठ्यानं वाचत गेलो आणि म्हणालो, "हे घेऊया." तुम्ही तेच अर्जावर लिहिलंत. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहितो. बायकोला अजून वाटतं, ते नाव तुम्ही निवडलंत.