खदानीची साफसफाई

गारखेडा, ८ जानेवारी २०२५

चि. आप्पासाहेब भाऊजी यांस अ. उ. आ.

डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन आठवडे धूळ आणि रडणं बंद सांगितलंय. फोनवर तुम्ही ऐकू न येताच व्हय व्हय म्हणता, म्हणून माझी नात अपेक्षा हे लिहून देते आहे.

सोमवारी, २० तारखेला आपली पडीक खदान पाहायला सरकारी मॅडम येणार. पाणथळ म्हणून नोंद झाली तर ती वाचेल, नाहीतर पंचायत शहरातला राडारोडा टाकून बुजवणार. अकरा वर्षं त्या खडकात करंज, उंबर, जांभूळ जगवले. माझा जीव तिथं आहे. पाहुण्यांपुढं शोभा होऊ देऊ नका.

आशीर्वाद नेहमीचेच,
मनकर्णावहिनी

फुलंब्री, १६ जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

काळजी सोडा. आठ माणसं लावून खदान लख्ख केली. पाणकणीस कापलं, सात गाड्या निघालं. पाण्यातलं वाळकं बाभळीचं खोड काढलं. त्यावर पाणकावळे बसून घाण करत. पालापाचोळा जाळला, झाडांना गेरू-चुना दिला. पाण्यात तुरटी फिरवली. काठाजवळ शेजारच्या सांडूची चोरीला गेलेली सायकल सापडली. त्याला फार आनंद झालेला दिसला नाही.

पाखरांचा लई कलकलाट होता, तीही गेली. मॅडमना शांतपणे बघता येईल.

कौतुकाच्या दोन ओळींची वाट पाहणारा,
आप्पा

गारखेडा, १८ जानेवारी

चि. भाऊजी यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचताना अपेक्षा मधेच थांबली. मी पुढं वाच म्हणाले, तिथंच चुकलं. डॉक्टरांनी मना केलेलं तासभर केलं.

तुम्ही ज्याला घाण समजून काढलंत, त्यालाच पाणथळ म्हणतात. त्या पाणकणसात पाणकोंबड्यांचा संसार होता. तुम्हाला एक शब्द म्हणायचा आहे. अपेक्षा लिहायला तयार नाही, म्हणून पट्टी वर करून स्वतः लिहिते: मूर्ख.

आता मॅडमशी खोटं बोलू नका. काय काय होतं ते सगळं सांगा. पुढं होईल ते होवो.

राग उतरला की लोभ पुन्हा सुरू होईल,
मनकर्णा

फुलंब्री, २१ जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

मॅडम आल्या. चुन्याकडं बराच वेळ पाहत राहिल्या. मी म्हणालो, हे मीच केलं. त्यांना बांधावर रचलेल्या पाणकणसाच्या गंजीपाशी नेलं, त्यातली एकवीस जुनी घरटी मोजून दाखवली. कापणाऱ्यांनी कोणती पाखरं उडाली ते सांगितलं. मॅडमनी पाण्यात हात घालून मुळं चाचपली. मुळं शाबूत आहेत, पावसाळ्यात पुन्हा फुटतील म्हणाल्या. नोंद झाली नाही, नकारही नाही. दिवाळीनंतर परत येणार. तोवर राडारोडा टाकायला लेखी मनाई आहे आणि साफसफाईलाही. खाली माझी सही घेतली.

सही करताना हात अडला. वहिनी, वीस वर्षांपूर्वी हे शेत खदानवाल्याला दिलं, त्या कागदावर दादाबरोबर माझीही सही होती. तुम्ही तेव्हा त्याच शेतात भुईमूग निंदत होता. तुम्हाला कोणी विचारलं नाही. संध्याकाळी मी तुमच्याच हातचं जेवलो आणि गप्प राहिलो. यावेळीही विचारलं नाही. लाज वाटते.

कालपासून खदानीवर राखणीला आहे. सांडू कोयता घेऊन मदतीला आला होता, परत पाठवला. काठावर सगळीकडं तुमची रोपं आहेत. कुठं बसलो तर चालेल, तेवढं कळवा.

उत्तर येईपर्यंत उभा असलेला,
आप्पा