झूराताईच्या आईचं चित्र

बिश्केक, १४ नोव्हेंबर २००९

प्रिय झूराताई,

सलाम. तुझं पत्र आणि कुरुतची, त्या सुक्या दह्याच्या टणक गोळ्यांची पिशवी पोचली. दात आता धड नाहीत, म्हणून चोखत बसतो. तिकडे नारीनला बर्फ पडायला लागलं असेल, गुडघे जप.

आमच्या विद्यापीठाच्या कला विभागाला साठ वर्षं होताहेत. डीनबाईंनी इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलंय, कारण सगळ्यांत जुना मीच. तबेल्यात भरलेला पहिला वर्ग, पहिले मास्तर, सगळं लिहून झालं. अठ्ठ्याहत्तर सालापाशी गाडं अडलंय. तुझं पदवीचं चित्र सोव्हिएत कलेला न शोभणारं, ‘उदास’ ठरवून तुला काढून टाकलं, हे एका ओळीत मावतं. पुढचं मावत नाही.

उन्हाळ्यातल्या पत्रात तू त्या चित्राचा फक्त एक फोटो मागितलास. आईचा चेहरा विसरत चाललाय, तिचं दुसरं काहीच नाही, असं लिहिलंस. चित्र गोदामात नीट आहे, असं मी तीस वर्षं तुला कळवत आलो. ते खोटं होतं.

कॅनव्हास मिळत नसे तेव्हा. नापास चित्रावर पांढरा रंग चढवून ते खालच्या वर्गाला द्यायची रीत तुला ठाऊकच आहे. तुझा कॅनव्हास माझ्या वाट्याला आला. मी नको म्हणू शकलो असतो. त्यावर मी एक खाणकामगार रंगवला आणि त्याच चित्रावर मला इथली नोकरी लागली.

वरचा रंग उतरवता येईल या आशेने सप्टेंबरमध्ये ते चित्र जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे नेलं. भिंगातून बघत त्यांनी विचारलं, “खालचं कोणी खरवडलं?”

“मी.”

“हात चांगला आहे तुमचा. खाली काहीच उरलेलं नाही.”

आधी सुरीने खरवडा, नाहीतर नवा रंग तडकतो, असं मास्तर शिकवायचे. बाकीची पोरं कंटाळा करून वरूनच पांढरं फासायची. त्यांच्या रंगाखालची चित्रं अजून शाबूत आहेत. मी मात्र मन लावून काम केलं. चेहऱ्यापाशी तुझा रंग जाड होता, तिथे दोन दिवस गेले.

आठवणीतून तो चेहरा काढायला बसलो. चार वेळा बसलो, ताई. दर वेळी खाणकामगारच उतरतो.

माफ कर असं लिहायची लाज वाटते.

तुझ्या आईला शेवटचं पाहिलेला,
बोलोत